पायाची जखम आणि ऑक्सिजनची टाकी



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज आला. कारण लिहिलं होतं, 'पायाला ऑक्सिजन'. आधी कुणाला उमगेचना. अर्ज करणाऱ्या ताईंना साखरेचा आजार आठ-दहा वर्षांचा. भातलावणीत तळपायात काहीतरी घुसलं, पण त्यांना कळलंच नाही. घरी पाय धुताना रक्त दिसलं. हळद भरून फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात. दोन महिने झाले तरी जखम भरेना. शहरातले पाहुणे म्हणाले, तिकडे टाकीसारखं मशीन आहे, त्यात झोपलं की जखम भरते.

मशीन खरं आहे. त्या उपचाराला हायपरबेरिक ऑक्सिजन उपचार म्हणतात. आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. रक्तातल्या तांबड्या पेशी तो वाहून नेतात. फुप्फुसं चांगली असतील तर या पेशी आधीच जवळजवळ भरलेल्या असतात. म्हणून नाकाला नुसती नळी लावून पायाच्या जखमेला फारसा फायदा होत नाही. आता सोड्याची बाटली आठवा. दाब देऊन वायू पाण्यात विरघळवलेला असतो, झाकण उघडलं की फसफसतो. तसंच बंद टाकीत हवेचा दाब नेहमीच्या दोन ते अडीच पट करतात आणि माणसाला शुद्ध ऑक्सिजन देतात. मग तो रक्तातल्या पाण्यातही विरघळतो आणि जिथे रक्त कमी पोचतं तिथेही थोडा जास्त जातो. एक बैठक दीड-दोन तासांची, आठवड्यातून पाच दिवस, अशा तीस-चाळीस बैठका. नुसता पाय पिशवीत घालून ऑक्सिजन सोडणं म्हणजे हा उपचार नव्हे. पूर्ण माणूस आत लागतो.

घाटात बसतात तसे कानाला दडे बसतात, कधी कान जोरात दुखतो. आत असताना साखर उतरू शकते, म्हणून आधी साखर तपासतात आणि उपाशीपोटी जाऊ देत नाहीत. काही काळ लांबचं अंधुक दिसू शकतं. फुप्फुसाचा आजार असेल तर आधी सांगायचं. आगीचा धोका मोठा, म्हणून डोक्याला तेल नको, नायलॉनची साडी नको, मोबाइल नको.

मग जखम भरते का? स्वीडनमध्ये ९४ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१० साली छापून आला. वर्षभरानंतर हा उपचार घेतलेल्यांत शंभरी ५२ जणांची जखम भरली होती, न घेतलेल्यांत २९ जणांची. नेदरलँड्समध्ये मात्र पायाला रक्त कमी पोचणाऱ्या १२० रुग्णांत खात्रीने सांगावा असा फरक दिसला नाही. तो अभ्यास २०१८ चा. त्यात टाकीचा उपचार ठरलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लोकांना सगळ्या बैठका झेपल्याच नाहीत. अमेरिकेतली सरकारी विमा योजना या उपचाराचे पैसे देते, पण जखम खोल असेल आणि ३० दिवस नीट नेहमीचे उपचार करूनही ती भरत नसेल तरच.

ते 'नीट नेहमीचे उपचार' म्हणजे काय, हेच आमच्या बैठकीत कुणाला ठाऊक नव्हतं. साखर ताब्यात ठेवणं आणि जंतू झाले असतील तर औषध, एवढं आपल्याला माहीत असतं. पण डॉक्टरांनी पायाची नाडी हाताने पाहायला हवी. रक्तवाहिनी तुंबली असेल तर आधी ती मोकळी करावी लागते. जखमेच्या कडेचं मेलेलं, कडक कातडं काढावं लागतं. आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं ते म्हणजे पायावरचा भार काढणं. ओल्या सारवणावर रोज पाय पडला तर ते वाळेल कसं? साखरेने पायाची जाणीव गेलेली, दुखत नाही म्हणून बाई चालत राहते आणि प्रत्येक पावलाला जखम पुन्हा चेंगरते. त्यासाठी खास प्लास्टर किंवा बूट असतो, त्याने भार जखमेवरून दुसरीकडे जातो. पण रक्त नीट पोचत नसेल किंवा जंतू झाले असतील तर डॉक्टर आधी ते बघतात, त्यामुळे हे मनाने करायचं नाही.

बैठकीत एकीने विचारलं, "जखम झाल्यापासून ताई किती दिवस घरी बसल्या?" एकही नाही. कुणी काही बोललं नाही. लावणीला आणि नंतर निंदणीला त्यांना हाक मारणाऱ्या आम्हीच होतो. घरी बसलं तर मजुरी बुडते, हेही खरंच होतं.

कर्ज मंजूर केलं, पण टाकीसाठी नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी यासाठी. नाडी चांगली लागत होती. जखम साफ करून पायाला प्लास्टर घातलं, दर आठवड्याला बदललं. जखम भरायला दिवाळी उजाडली. प्रत्येकीचं असंच होईल असं नाही. कुणाला टाकीही लागेल. तेव्हा डॉक्टरांना विचारा की भार काढला का, नाडी पाहिली का, हाड तपासलं का, आणि खर्च सरकारी योजनेत बसतो का. योजनेचं रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगतात.

जखम काळी पडली, घाण वास आला, लाली वर चढू लागली किंवा ताप आला तर बैठकीची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या अडीच महिन्यांत ताईंच्या घरचं पाणी आम्ही पाळीपाळीने भरलं. दोन पाळ्या चुकल्या, तेव्हा त्या स्वतःच कळशी घेऊन निघाल्या होत्या. शेजारणीने त्यांना दारातच अडवलं.