लावणीच्या दिवसांत व्यायाम सुटला तर?

पनवेलजवळच्या नेरे गावात भातलावणीच्या दिवसांत घरच्या शेतीत राबणाऱ्या तरुणाचा वजनांचा व्यायाम सुटला, तर कमावलेलं सगळं गेलं अशी धास्ती त्याला वाटणं साहजिक आहे. पण ती अनाठायी आहे.

फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठाचा २०२४ मधला अभ्यास पाहा. एका गटाने सलग २० आठवडे व्यायाम केला. दुसऱ्याने १० आठवडे करून १० आठवडे पूर्ण थांबवला, मग पुन्हा १० आठवडे केला. अखेरीस दोघांची प्रगती जवळपास सारखीच होती! खंडात स्नायूंचा आकार घटला, ताकद त्या मानाने टिकली. कारण ताकद नुसती स्नायूंच्या जाडीत नसते. स्नायूंना एकवटून कामाला लावायला मेंदू आणि नसा शिकलेल्या असतात, ते लवकर विसरत नाहीत. पुन्हा सुरुवात केल्यावर घट झपाट्याने भरून निघाली.

अर्थात लावणी म्हणजे विश्रांती नव्हे. दिवसभर वाकून कंबर थकते, तिच्यावर संध्याकाळी जड वजनांचा भार टाकू नका. परतताना पूर्वीच्या निम्म्या वजनापासून सुरुवात करा. वयस्करांचे स्नायू लवकर झिजतात. त्यांनी मात्र इतका लांब खंड पाडू नये.