पडद्यावरची बंदूक ओळखतात कशी?

गुन्हेगारीपटात दिसणारी बंदूक नेमकी कोणती, हा प्रश्न वरवर हौशी प्रेक्षकांच्या कुतूहलाचा वाटतो. चित्रीकरणस्थळी मात्र ओळखण्यातील चूक जिवावर बेतू शकते. तेथे बंदुकीच्या नावापेक्षा तिच्यात काय भरले आहे, हे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

नाव ओळखण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे मायकेल मान दिग्दर्शित ‘हीट’ हा १९९५ सालचा अमेरिकी चित्रपट. लॉस एंजेलिसमधील बँक दरोड्यानंतर भररस्त्यात झडणाऱ्या चकमकीत रॉबर्ट डी नीरो आणि व्हॅल किल्मर यांच्या हाती कोल्ट ७३३ ही आखूड नळीची कार्बाइन आहे. टॉम साइझमोर यांच्याकडे इस्रायली गॅलिल, तर पोलीस अधिकारी साकारणाऱ्या अल पचिनो यांच्याकडे बेल्जियन बनावटीची एफएनसी रायफल दिसते.

बारकाव्यांवरून ओळख

गॅलिल पाहून अनेकांना ती एके-४७ वाटते. तिची रचना एके-४७ वर आधारित फिनलंडच्या रायफलवरून घेतलेली असल्याने हे साम्य स्वाभाविक आहे. मात्र काडतूस नळीत चढवण्यासाठी मागे ओढायचा खटका गॅलिलमध्ये वर वळलेला असतो, तर एके-४७ मध्ये तो आडवा असतो. कोल्ट कार्बाइनमध्ये हाच खटका मागच्या बाजूला, दस्त्याच्या वर असतो. केवळ बाह्याकृतीपेक्षा असे बारकावे अधिक विश्वासार्ह ठरतात.

शस्त्र चालते कसे, यावरूनही ते ओळखता येते. रिव्हॉल्व्हर झाडल्यावर रिकामी पुंगळी चक्रातच राहते. स्वयंचलित पिस्तुलात दर वेळी वरचा भाग मागे सरकतो आणि पुंगळी बाहेर फेकली जाते. पडद्यावर ज्वाळा दिसली, पण हा भाग हललाच नाही, तर ती ज्वाळा संगणकावर तयार केलेली असण्याची शक्यता अधिक.

संवादातील नाव मात्र नेहमी खरे नसते. ‘डाय हार्ड २’ या १९९० सालच्या चित्रपटात विमानतळावरील क्ष-किरण तपासणीत न सापडणाऱ्या, चिनी मातीच्या जर्मन ‘ग्लॉक ७’ पिस्तुलाचा उल्लेख येतो. असे पिस्तूल अस्तित्वातच नाही. ग्लॉक ही ऑस्ट्रियाची कंपनी असून तिच्या पिस्तुलांची नळी आणि वरचा भाग पोलादी असतो. त्यामुळे ती तपासणीत दिसतात.

काडतूस ओळखण्यातील चूक

चित्रीकरणात मुख्यतः दोन प्रकारची काडतुसे वापरतात. ‘ब्लँक’ काडतुसात दारू असते, पण गोळी नसते. धडाका आणि ज्वाळा त्यातूनच मिळतात. ‘डमी’ काडतुसात गोळी असते, पण दारू नसते. जवळच्या दृश्यात बंदूक भरलेली दिसावी, एवढाच त्याचा उपयोग.

‘द क्रो’ या चित्रपटाच्या सेटवर ३१ मार्च १९९३ रोजी अभिनेता ब्रँडन ली यांचा मृत्यू झाला. खऱ्या काडतुसांतील दारू काढून बनवलेल्या डमींमध्ये ठिणगी पाडणारा भाग शिल्लक राहिला होता. त्याच्या जोराने एक गोळी रिव्हॉल्व्हरच्या नळीत शिरून अडकली. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमधून ब्लँक झाडल्यावर ती गोळी वेगाने बाहेर पडली.

‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर २१ ऑक्टोबर २०२१ रोजी छायालेखिका हॅलिना हचिन्स यांचा बळी गेला. अभिनेते अ‍ॅलेक बाल्डविन यांच्या हातातील रिव्हॉल्व्हर जुन्या बनावटीची प्रतिकृती असली, तरी ती खरी गोळी झाडू शकणारी होती आणि तिच्यात जिवंत काडतूस होते. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या हॅना गुटिएरेझ-रीड यांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. बाल्डविन यांच्यावरील खटला त्याच वर्षी न्यायालयाने रद्द केला.

डमी आणि जिवंत काडतूस बाहेरून सारखेच दिसू शकते. म्हणून अनेक डमींच्या पुंगळीला बाजूला भोक पाडलेले असते किंवा आत छोटा छर्रा ठेवलेला असतो. काडतूस कानाजवळ धरून हलवले की तो खुळखुळतो. भोकही नाही आणि आवाजही नाही, असे काडतूस जिवंतच मानायचे, हाच सुरक्षित मार्ग.