‘ब’ जीवनसत्त्व आणि कर्करोग
सुरत असो वा मुंबई, रुग्णास अशक्तपणा आला की घरची माणसे ‘ब’ जीवनसत्त्वाची गोळी आणून देतात. कर्करोगात मात्र थोडे थांबावे. १९३१ मध्ये मुंबईतील गर्भवतींचा एक प्रकारचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे ल्यूसी विल्स यांनी दाखविले. त्यातील गुणकारी द्रव्य फॉलिक आम्ल होय. नव्या पेशींना ते लागते, कर्कपेशींनाही लागते. म्हणूनच १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी त्याच्या विरोधी औषधाने मुलांचा रक्ताचा कर्करोग काही काळ आटोक्यात आणला. मेथोट्रेक्सेट त्याच कुळातले. फॉलिक आम्लाने त्याचा गुण उणावू शकतो. कॅपेसिटाबीनचा त्रास तर वाढू शकतो. उलट पेमेट्रेक्सेडबरोबर तीच गोळी द्यावी लागते. पालेभाज्या, डाळी खुशाल खाव्यात. गोळी मात्र डॉक्टरांस विचारूनच घ्यावी.