नमुना सही

बँकेत पस्तीस वर्षं चेकवरच्या सह्या तपासल्या. सही खरी की खोटी, हे नुसत्या सहीकडे पाहून कळत नाही; कार्डावरची नमुना सही शेजारी धरावी लागते. गेल्या महिन्यात मुलाने आम्हा दोघांना रोडपालीहून वाशीला म्युझिक सिस्टिम घ्यायला नेलं, तेव्हा त्या कार्डाची आठवण झाली.

विक्रेत्याने नवं सिनेमागीत लावलं. काचा थरथरल्या. "बेस बघा सर!" आता अशा गाण्यातला ढोल पुष्कळदा कॉम्प्युटरवरच जन्मतो. गायिकेचा आवाज वेगळ्या दिवशी घेऊन त्यावर घुमारा चढवलेला. मूळच कोणी ऐकलेलं नाही, तर स्पीकर खरं बोलतोय की थापा मारतोय, हे ठरवायचं कशावरून?

माझ्या खिशात नमुना होता. १९९८ साली बदली मिरजेला होती. तिथल्या सतारमेकरांकडून सौ.साठी तंबोरा घेतला. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत कारागीर जवारी लावतो. दोरा केसभर हलला की तार बोलू लागते. खर्ज नीट लागला की कोणी न छेडलेला गांधार त्यातून आपोआप उमटतो. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो उपस्वर. यंत्राची हयगय कळते ती अशाच ठिकाणी.

एका सकाळी मी तिचा रियाज टेप केला. एकच माइक, सहा फुटांवर. ना घुमारा, ना काटछाट. आपला अडाणीपणा, दुसरं काय! पण पं. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची १९९३ साली आलेली 'अ मीटिंग बाय द रिव्हर' कवि अलेक्झांडर यांनी कॅलिफोर्नियातल्या एका चॅपलमध्ये जवळपास अशाच साधेपणाने ध्वनिमुद्रित केली, हे पुढे वाचलं. तिला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. माझी टेप कपाटात पडली.

कारण २००३ साली सौ.च्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज खाली उतरला, तो परत चढलाच नाही. ती टेप तिने पुन्हा लावू दिली नव्हती. मुलाने पेन ड्राइव्हवर घेतलेली तीच मी दुकानात, तिला न विचारता लावली. चूकच माझी.

मोठ्या सिस्टिमवर भोपळा खोलीएवढा झाला, गांधार बुडाला. सौ. एवढंच म्हणाली, "ही मी नव्हे." दुसरीवर आवाज पाकात घोळलेला. तिसरी जोडी लहानखुरी. खर्ज जरा बारीक, पण गांधार उमटला. तानेआधीचा तिचा श्वास आला. मग टेपमध्ये मिरजेच्या घराची कडी वाजली, दूधवाला! सौ.ने दचकून दुकानाच्या दाराकडे पाहिलं.

मी बिल करायला सांगितलं.

रोडपालीत दिवसभर कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणारे ट्रक. म्हणून आमची ऐकायची वेळ पहाटेची. परवा उठलो तर सौ.ने तंबोऱ्याची गवसणी काढलेली. टेप लावून, स्पीकरशेजारी बसून एकेक तार ताडून पाहत होती.

"दोरा सरकलाय हो," म्हणाली.