अडकलेले काडतूस

पडेगावच्या शिवारात जूनपासून हवा दमट होते. ज्यांच्या घरी परवान्याची बारा बोअरची दुनळी आहे, त्यांनी या दिवसांत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बार झाल्यावर रिकामे काडतूस निघेना, नि नवे बसेना, तर दर वेळी कमानच बिघडलेली असते असे नाही. कागदी काडतूस ओल धरून फुगते. नळीतल्या त्याच्या घरात काजळी नि गंज असला, तर ते तिथेच चिकटून बसते.

आधी नळीचे तोंड माणसांपासून दूर, जमिनीकडे ठेवा. बार उडालाच नसेल, तर निदान अर्धा मिनिट थांबून मगच बंदूक उघडा. दुसऱ्या नळीतले काडतूस काढून घ्या. अडकलेले उडालेलेच आहे अशी खात्री असेल, तरच लाकडी गजाने हलके लोटा. मग घर ब्रशने घासून पुसा आणि तेलाचा पुसट हात द्या. तेल फार झाले, की तेच धूळ धरते.

काडतुसाची लांबी नळीवरच्या खुणेशी ताडून पाहा. अडीच इंची घरात पावणेतीन इंची काडतूस बसते खरे. पण उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही, नि दाब धोक्याइतका वाढतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर कानस हाती न घेता परवानाधारक कारागीर गाठावा, हे बरे.