गहू ठरवेल ते वेळापत्रक

उन्हाळी कामाच्या आठवड्यात घर एकत्र येतं ते कशामुळे? मराठवाड्यातलं ऊन, गव्हाचा चीक आणि कामाची वाटणी यांची ही गोष्ट.

एप्रिल-मे महिन्यांत छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या एखाद्या घरी कुरडईसाठी गहू भिजत पडला, की त्या घराचा पुढचा आठवडा ठरून जातो. कोणत्या पहाटे चूल पेटणार, शहरातल्या मुलानं रजा कधी टाकायची, सासरी गेलेल्या लेकीला कधी बोलावायचं, हे सगळं तो गहू ठरवतो. एकदा भिजला की त्याला थांबवता येत नाही. कुणाची गाडी चुकली, कुणाला ताप आला, तरी चौथ्या दिवशी तो वाटावाच लागतो.

कुरडईच्या कृतीत गहू किती, पाणी किती, मीठ किती, हे लिहिलेलं असतं. माणसं किती, हे कधीच लिहिलेलं नसतं. पण या सगळ्या उन्हाळी कामाचं मर्म त्या न लिहिलेल्या प्रमाणातच आहे.

ऊन, रान आणि माळवद

मराठवाड्यात रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, पाठोपाठ गहू. एप्रिल लागेपर्यंत नवं धान्य घरात आलेलं असतं आणि रान मोकळं झालेलं असतं. नांगरट करून माती तापत ठेवली, की मृगाचा पाऊस पडेपर्यंत शेतात मोठं काम उरत नाही. त्याच सुमारास पारा चाळिशीच्या वर जातो. दुपारची हवा इतकी कोरडी असते, की दोरीवर टाकलेलं लुगडं बघता बघता खडखडीत होतं. शाळांना सुट्टी लागते. धान्य, सवड, ऊन आणि लेकरं एकाच वेळी हाताशी येतात ती वर्षातून एवढीच.

गरजही याच दिवसांत दिसते. विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि रानातलं माळवं संपत आलेलं असतं. पुढं पावसाळ्यात पेरणी, खुरपणी आणि चिखलातून बाजार गाठण्याची कसरत. त्या दिवसांत डाळीच्या सांडग्यांची भाजी आणि येसराची दाट आमटी घराला तारून नेतात. भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाला दळून केलेलं येसर डब्यात असलं, की भाजी नसतानाही जेवण होतं.

वाळवणाची जागा जुन्या घरांच्या बांधणीतच होती. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असं सपाट माळवद या भागात सर्रास असे. घर थंड ठेवायचं आणि वर वाळवणाला पटांगण द्यायचं, अशी दोन्ही कामं ते करी. शेळ्या-कुत्र्यांपासून माल सुटे आणि पाखरांपुरती राखण पोरांवर सोपवता येई. माळवदाची जागा पुढं स्लॅबनं घेतली. शहरात सिडको-हडकोच्या गच्च्यांवर मे महिन्यात अजूनही जुन्या साड्या अंथरलेल्या दिसतात. अपार्टमेंटमध्ये मात्र गच्ची सगळ्यांची असते, म्हणून किल्ली आणि पाळी आधी ठरवावी लागते.

चिकाचे दिवस

कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो आणि त्याचं पाणी रोज बदलायचं असतं. या काळात दाणा फुगून मऊ होतो आणि आंबण्याची क्रिया सुरू होते. पाण्याला येणारा आंबूस वास तिचाच. या आंबण्यामुळं दाण्यातल्या प्रथिनाची पकड सैल होते आणि त्यात अडकलेलं पिष्ट सुटायला मदत होते. पाणी बदललं नाही, तर आंबूस वासाचा कुबट वास होतो आणि मग कुरडईही तशीच लागते.

चौथ्या दिवशी गहू धुऊन वाटतात. पूर्वी हे काम पाट्यावर चाले, आता ओलं दळण करून देणारी यंत्रं आहेत. वाटलेला गोळा पाण्यात कालवून पिळतात आणि गाळतात. पांढरं दुधाळ पाणी खाली उतरतं, कोंडा आणि चिवट भाग वर राहतो. तो चोथा टाकत नाहीत. त्यात तिखट-मीठ घालून भुसवड्या घालतात. गाळलेलं पाणी रात्रभर हलवायचं नाही. पिष्टाचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि हळूहळू तळाशी बसतात. सकाळी वरचं निवळलेलं पाणी ओतून दिलं, की खाली घट्ट चीक उरतो.

ही युक्ती फार जुनी आहे. रोमचा कॅटो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहून गेला. गहू दहा दिवस पाण्यात ठेवायचा, पिळून त्याचं सत्त्व काढायचं आणि उन्हात वाळवायचं, अशी कृती त्यात आहे. ते सत्त्व दुधात शिजवून खावं, असंही तो सांगतो. आपल्याकडं चीक शिजला, की वाटीभर लेकरांसाठी आधी बाजूला निघतो. कुणी त्यावर दूध-गूळ घेतं, कुणी तेल-मीठ.

खरी धावपळ असते चीक शिजवण्याच्या पहाटेची. पाण्याला मीठ-हिंग घालून उकळी आणायची, एकीनं चिकाची धार धरायची आणि दुसरीनं लाकडी दांड्यानं सतत ढवळायचं. हात थांबला की गाठी. साठ अंशांच्या पुढं पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, मग दुधाळ चीक बघता बघता पारदर्शक आणि चकचकीत होतो. तो गरम असतानाच सोऱ्यातून पडला पाहिजे. निवला की आळतो आणि जाळीतून उतरत नाही. म्हणून एक जण चुलीपाशी, एक सोऱ्या भरायला, एक दाबायला आणि एखादं पोर भांडी वर पोचवायला, अशी किमान चार माणसं लागतात. ऊन चढायच्या आत कुरडया घालून झाल्या, तर त्यांना पहिल्याच दिवशी पुरतं ऊन मिळतं. एकट्या माणसानं हे सगळं करायचं म्हटलं, तर निम्मा चीक पातेल्यातच आळेल.

कुरडई वाळून काचेसारखी कडक झाली तरी तिच्यात किंचित ओल उरतेच. कडकडीत तेलात त्या ओलीची वाफ होते आणि कुरडई क्षणात फुलते. ओल जास्त राहिली तर डब्यात बुरशी येते. म्हणून पुढचे दोन-तीन दिवस उलथापालथ, राखण आणि संध्याकाळी गोळा करणं चालू राहतं. आठवडा भरतो तो असा.

मधल्या वेळेतली कामं

गहू भिजतो आणि चीक बसतो त्या वेळात घर रिकामं नसतं. लाल मिरच्या उन्हात पडतात, त्यांची देठं खुडायला ओसरीवर सगळे बसतात. मग मिरची आणि भाजलेला मसाला कांडपाला जातो. बाजरी भिजवून, भरडून, तीळ-लसूण-जिरं घालून शिजवतात आणि तिच्या खारोड्या तोडतात. कच्चे शेंगदाणे आणि कांद्याबरोबर खारोड्या खाणं हा या भागातला संध्याकाळचा उद्योग. सोयगाव-कन्नडकडं खानदेशचा शेजार जाणवतो. तिथं ज्वारीचे बिबडे ओल्या फडक्यावर थापतात, आणि वाळल्यावर फडक्याला मागून पाणी शिंपडून अलगद सोडवतात. उडदाच्या पापडाची तऱ्हा निराळी. त्याला कडक ऊन चालत नाही. कडा वळतात, तडे जातात, म्हणून तो सावलीत वाळवतात.

या कामाचा धागा लग्नघराशीही जुळलेला आहे. अनेक घरांत लग्नाच्या तयारीची सुरुवात हळकुंड फोडून आणि सुवासिनींच्या हातून सांडगे घालून होते. रुखवतात पापड, कुरडया, शेवया मांडतात. इतके हात एकत्र येऊ शकतात, हेही ते रुखवत पाहुण्यांना सांगत असतं.

स्पेनच्या गावातही

साठवणीच्या कामासाठी घर एकत्र येणं केवळ आपल्याकडंच आहे असं नाही. स्पेनमध्ये ऑगस्टात शहरातली माणसं आजोळच्या, आजोबांच्या गावी परततात. उन्हाळा सरता सरता घराघरांत टोमॅटो शिजवून बाटल्यांत भरले जातात. हिवाळ्यात डुक्कर मारून त्याचे सॉसेज आणि खारवलेले तुकडे वर्षभरासाठी करण्याची जुनी प्रथा आहे. त्यासाठीही दोन-तीन दिवस सगळं घर आणि शेजार लागतो. पदार्थ आपल्यापेक्षा कितीही वेगळे असोत, माल नासण्याआधी पुष्कळ हातांनी तो टिकाऊ करायचा, हे गणित एकच.

लाल मिरची तर दोन्हीकडची. अमेरिका खंडातून ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनला पोचली आणि पुढं पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. स्पेनच्या मुर्सिया भागात लाल मिरची उन्हात वाळवण्याची रीत आहे. ला व्हेरा खोऱ्यात मात्र काढणीच्या वेळी शरदातला पाऊस असतो, म्हणून तिथं ती ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात आणि तो धुराचा वासच तिथल्या तिखटाची ओळख झाला. आपल्याकडं नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारींवर लाल सडा उघड्या रानात पडतो, कारण तिथलं कोरडं ऊन धुराची गरजच ठेवत नाही.

युनेस्कोनं २०१० साली भूमध्य प्रदेशाच्या आहारपद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हा स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्को हे चार देश होते. २०१३ मध्ये पोर्तुगाल, क्रोएशिया आणि सायप्रस त्यात आले. त्या नोंदीत पेरणीपासून साठवणीपर्यंतची कौशल्यं आणि एकत्र बसून जेवण्याची रीत, यांना वारसा मानलं आहे. तो निकष लावला, तर आपल्या ओसरीवरचा मिरच्या खुडणारा घोळकाही वारसाच ठरतो.

आठवडा कुणाचा?

इथं थोडं स्पष्ट बोलायला हवं. या आठवड्याच्या आठवणी सांगणारे बहुतेक जण त्या वेळी लेकरं होते. त्यांच्या वाट्याला चिकाची वाटी, गच्चीवरची झोप आणि कावळे हाकणं आलं. चुलीच्या धगीत दांडा फिरवणारी काकू आणि "माहेरी आराम कर" म्हणून आलेली, पण पहिल्याच पहाटे सोऱ्यावर बसलेली आत्या, यांना विचारलं तर आठवण निराळी निघेल.

कामाचं ओझं कुणावर असतं, हे आकडेही सांगतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ८१ टक्के स्त्रिया रोज बिनपगारी घरकाम करताना आढळल्या, पुरुष २६ टक्के. काम करणाऱ्यांतही स्त्रियांचा वेळ दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. उन्हाळी कामाचा आठवडा या रोजच्या ओझ्याच्या वर येतो. त्या दिवसांत रोजचा स्वयंपाक काही थांबत नाही, उलट घरात ताटं वाढलेली असतात.

पाण्याचंही तसंच. गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचं, म्हणजे पाणी भरपूर हवं, आणि नेमकं ते सर्वांत टंचाईच्या महिन्यांत. गावात ते दूरच्या विहिरीवरून किंवा टँकरवरून आणायचं. शहरात जायकवाडीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, म्हणून गहू कधी भिजवायचा हे नळाच्या पाळीवर ठरतं. त्यात अलीकडं एप्रिलमध्येही अवकाळी पाऊस आणि गारपीट होते. सकाळी घातलेल्या कुरडया दुपारी धावत गोळा करायची वेळ येते.

म्हणून पुष्कळ घरांनी हे काम सोडलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं नाही. शेवया आता यंत्रावर होतात. पापड-कुरडया बचत गटांकडून येतात. सरकारच्या 'उमेद' अभियानाच्या गटांतल्या ग्रामीण स्त्रिया तेच कौशल्य विकून पैसा मिळवतात. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात राज्यभरातून असा माल जातो. घरात फुकट धरलेल्या श्रमाला तिथं निदान दर मिळतो. कुरडई विकत आणली म्हणून परंपरा बुडते, असं म्हणणाऱ्यानं आधी तासभर दांडा फिरवून बघावा.

पण विकतच्या पुड्यातून एक गोष्ट येत नाही. ती म्हणजे तीन पिढ्यांना एकाच जागी बसवणारं निमित्त. नुसतं "भेटायला या" म्हटलं, की माणसं एक दिवस येतात, जेवतात आणि मोबाइल बघतात. काम असलं की थांबतात. मिरचीची देठं खुडताना हात गुंतलेले आणि तोंड मोकळं असतं, त्यामुळं वर्षभर न निघालेले विषय निघतात. शहरातल्या माणसांना शेताकडं नेण्याचे इतर मार्गही आहेत. महाराष्ट्रानं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. हुरड्याच्या दिवसांत शहरातली कुटुंबं शेतावर जातात. तिथं पाहुणा मुख्यतः खायला जातो. उन्हाळी कामात माणूस लागतो तो हातासाठी, आणि घरच्या माणसाला पाहुणा म्हणून बसवून ठेवण्यापेक्षा हात मागणं अधिक आपुलकीचं असतं.

तेव्हा या मे महिन्यात गावी जाणार असाल, तर सगळी वाळवणं करण्याचा हट्ट धरू नका. एकच पदार्थ निवडा. पाच-सात किलो गव्हाऐवजी किलोभर घ्या. चीक ढवळायला आणि सोऱ्या दाबायला ताकद लागते, ती कामं मुलगे, जावई आणि भाऊ यांच्या नावावर टाका. पाणी भरणं, भांडी घासणं आणि त्या दिवसांचा रोजचा स्वयंपाक कोण करणार, हे गहू भिजवायच्या आधी ठरवा. चीक झाला की नाही हे मात्र आजीलाच विचारा, कारण ते पुस्तकात वाचून कळत नाही. आणि एवढी माणसं जमत नसतील, तर गहू भिजवू नका. बचत गटाकडून कुरडई आणा, मिरच्या तेवढ्या आणा आणि देठं खुडायला सगळे बसा.