मेफ्लाय ड्राय फ्लाय

मेफ्लाय ड्राय फ्लाय हे ट्राउट मासे पकडण्यासाठी वापरले जाणारे, पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारे कृत्रिम आमिष आहे. मेफ्लाय या कीटकाच्या पंखयुक्त अवस्थांची नक्कल करण्यासाठी ते पिसे, प्राण्यांचे केस आणि दोरा गळावर गुंडाळून बनविले जाते. कीटकाच्या कोणत्या अवस्थेवर मासा त्या वेळी तुटून पडत आहे, हे ओळखणे नमुन्याच्या निवडीत सर्वांत महत्त्वाचे असते.

कीटकाच्या अवस्था

मेफ्लाय हा एफेमेरोप्टेरा गणातील कीटक आहे. त्याचे बहुतांश आयुष्य पाण्याखाली निंफ या अपक्व अवस्थेत जाते. निंफ पृष्ठभागावर आल्यावर त्याची कात फुटून पंखयुक्त उपप्रौढ बाहेर पडतो. मच्छीमार त्यास ‘डन’ म्हणतात. त्याचे पंख धूसर व उभे असतात. डन पुन्हा एकदा कात टाकून प्रौढ, म्हणजे ‘स्पिनर’ होतो. पंख फुटल्यानंतर पुन्हा कात टाकणारे आजचे कीटक केवळ मेफ्लायच होत. स्पिनरचे पंख पारदर्शक असतात. प्रौढ मेफ्लाय अन्न घेत नाही. मीलन व अंडी घालणे झाल्यावर अनेक जातींच्या माद्या पंख पसरून पाण्यावर निष्प्राण पडतात.

निवडीचे निकष

प्रथम अवस्था ठरवितात. पाण्यावर उभ्या पंखांचे कीटक वाहत असतील, तर डनचा नमुना योग्य ठरतो. संध्याकाळी पंख पसरलेले कीटक दिसल्यास आडव्या पंखांचा स्पिनर वापरतात. माशाचे तोंड न दिसता केवळ पाठ वर येत असेल, तर तो बहुधा पृष्ठभागालगत कात टाकणारे कीटक खात असतो. अशा वेळी उंच तरंगणारी माशी दुर्लक्षिली जाण्याची शक्यता असते.

त्यानंतर सामान्यतः आकारमान, आकृती आणि रंग या क्रमाने विचार केला जातो. गळाचा क्रमांक वाढतो तसा गळ लहान होत जातो. ग्रीन ड्रेकसारख्या मोठ्या मेफ्लायसाठी १० किंवा १२ क्रमांकाचा, तर ब्ल्यू विंग्ड ऑलिव्हसाठी १६ ते २२ क्रमांकांचा गळ वापरतात.

पाण्याचा वेगही विचारात घ्यावा लागतो. खळाळत्या प्रवाहात कोंबड्याच्या मानेच्या पिसांचे दाट वेढे असलेली माशी चांगली तरंगते आणि मच्छीमारास दिसतेही. संथ, नितळ पाण्यात माशाला निरीक्षणास अवधी मिळतो. तेथे पंखाच्या बुंध्याभोवती पीस आडवे गुंडाळलेला पॅराशूट किंवा हरणाच्या केसांचा पंखा असलेला, पिसांचे वेढे नसलेला कम्पॅराडन हे नमुने अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांचे शरीर खऱ्या कीटकाप्रमाणे पाण्याला टेकते.

इतिहास

इंग्लंडच्या दक्षिण भागातील टेस्ट व इचेन या चुनखडीच्या प्रदेशातील नद्यांवर १९व्या शतकात या पद्धतीचा विकास झाला. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ च्या ग्रंथात तरंगत्या माश्या बांधण्याची रीत मांडली. प्रत्यक्ष कीटकाशी काटेकोर साधर्म्य असावे, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेत थिओडोर गॉर्डन यांनी हॅलफर्ड यांच्याकडून नमुने मागविले. मात्र तेथील कीटक व वेगवान प्रवाह निराळे असल्याने कॅट्स्किल पर्वतातील नद्यांसाठी त्यांनी क्विल गॉर्डनसारखे नमुने घडविले. १९२२ मध्ये मिशिगनमधील लेनर्ड हॅलाडे यांनी बांधलेली करडी ‘ॲडम्स’ कोणत्याही एका जातीची नेमकी प्रतिकृती नसूनही अत्यंत लोकप्रिय झाली.

नमुना आणि सादरीकरण

काटेकोर नक्कल आवश्यक आहे की माशी नैसर्गिकपणे वाहणे पुरेसे आहे, हा या छंदातील जुना वाद आहे. दोर प्रवाहामुळे ताणला गेल्यास माशी पाण्यावर ओढली जाते आणि तिच्यामागे रेघ उमटते. अशा वेळी अचूक नमुनाही मासा सहसा नाकारतो. म्हणून आमिष न स्वीकारले गेल्यास नमुना बदलण्यापूर्वी ते मोकळेपणाने वाहत आहे की नाही, हे तपासणे इष्ट ठरते.